उसनं अवसान आणि खिशातली एक गोळी : डॉन नॉट्स

बार्नी फाइफच्या कमरेला रिव्हॉल्व्हर आहे, पण त्यात गोळी नाही. गोळी त्याच्याकडे एकच, तीही शर्टाच्या खिशात, वरून बटण लावून. हा नियम त्याचा साहेब, शेरीफ अँडी टेलर, याने घालून दिलाय. कारण भरलेलं हत्यार बार्नीच्या हाती लागलं की ते चोरावर कधीच उडत नाही. जमिनीत उडतं, छताला उडतं, नाहीतर कमरेला असतानाच होल्स्टरमध्ये उडतं.

'द अँडी ग्रिफिथ शो' ही मालिका अमेरिकेत सीबीएस या वाहिनीवर ३ ऑक्टोबर १९६० ला सुरू झाली. नॉर्थ कॅरोलिनातलं मेबेरी हे काल्पनिक गाव, तिथला विधुर शेरीफ (नट अँडी ग्रिफिथ), त्याचा लहान मुलगा ओपी, घर सांभाळणारी आँट बी आणि हा डेप्युटी, म्हणजे हाताखालचा पोलीस, बार्नी. बार्नी करणारा नट डॉन नॉट्स. (शेरीफ म्हणजे तिकडे निवडून आलेला पोलीसप्रमुख. आपल्याकडे मुंबईत होतं तसं नुसतं मानाचं पद नव्हे.) गावात गुन्हे जवळजवळ नाहीतच. त्यामुळे बार्नीला पोलीसगिरी करायला खरं काम नाही, आणि हौस मात्र मुंबई-पुण्याच्या दोन्ही आयुक्तालयांना पुरेल एवढी.

गोळीचा प्रसंग भागागणिक बदलतो, पण त्याचा सांगाडा असा. धोक्याची बातमी येते. बार्नी पट्टा वर ओढतो, सर्दी नसताना नाक ओढतो, आवाज मुद्दाम खाली आणतो. इथपर्यंत तो पूर्ण पोलीस आहे. मग हात खिशाकडे जातो आणि बोटं साथ देत नाहीत. गोळी निघते, चेंबरमध्ये जायला तयार नसते. जाते तेव्हा बार उडतो. नंतरची शांतता सगळ्यात महत्त्वाची. अँडी ओरडत नाही, हसत नाही, फक्त हात पुढे करतो. बार्नी मान वर ठेवून रिव्हॉल्व्हर त्याच्या हातात देतो, जणू काही तपासणीसाठीच देतोय. गोळी पुन्हा खिशात, बटण बंद.

यातली भीती कुठल्याही नटाला करता येईल. डॉन नॉट्सचं काम आहे ते भीतीच्या आधी आणि नंतर: पट्टा ओढणं आणि मान वर ठेवणं. मराठीत याला नेमका शब्द आहे, उसनं अवसान. बार्नी घाबरतो म्हणून हसू येत नाही. अवसान उसनं आणलंय हे सगळ्या गावाला माहीत असताना तो ते स्वतःच्या नावावर खपवतो, म्हणून येतं.

पुण्यात पावसाळा आला की महाविद्यालयांमध्ये पुरुषोत्तम करंडक या एकांकिका स्पर्धेच्या तालमी सुरू होतात, आणि दर तीन एकांकिकांमागे एकीत तरी एक भित्रा असतो. घरमालकाला घाबरणारा, वॉर्डनला घाबरणारा, भुताला घाबरणारा. तो एन्ट्रीलाच थरथरत येतो. पहिला हशा मिळतो, दुसरा अर्धा मिळतो, आणि मग पुढची पंधरा मिनिटं तो थरथरतोय आणि प्रेक्षक मोबाइल बघतायत. चूक साधी आहे. शंभर टक्के भीती पहिल्याच मिनिटाला खर्च झाली, आता वर जायला जागा उरली नाही आणि लपवायला तर काहीच नाही. अशा नटांनी नॉट्सचे जुने भाग मन लावून बघावेत. इंग्रजीचे उच्चार सगळे कळले नाहीत तरी चालतं. आवाज बंद करून बघितलं तर उलट जास्त कळतं.

जेसी डोनाल्ड नॉट्सचा जन्म २१ जुलै १९२४ चा, वेस्ट व्हर्जिनियातल्या मॉर्गनटाउनचा. चार भावांत धाकटा. वडील मनोरुग्ण होते, दारूही होती. घरात चाकू घेऊन धमकावण्यापर्यंत मजल जायची. डॉन तेरा वर्षांचा असताना ते गेले. आई घरात भाडेकरू ठेवून संसार चालवायची. यावरून 'बालपणीच्या दुःखातून विनोद जन्मला' छापाचं वाक्य लिहायचा मोह होतो, तो आवरतो. एवढं मात्र खरं की घाबरलेल्या माणसाचं शरीर कसं चालतं, हे त्याला पुस्तकातून शिकावं लागलं नसणार.

सुरुवात बोलक्या बाहुल्यापासून झाली. आपल्याकडे पाध्यांचा अर्धवटराव, तसा याचा डॅनी. दुसऱ्या महायुद्धात सैन्यात गेल्यावर तो सैनिकांसाठी करमणूक करणाऱ्या पथकात पॅसिफिकमध्ये फिरला. पण शब्दभ्रमात गोम अशी की हशा बाहुला नेतो आणि कलावंत शेजारी गंभीर चेहऱ्याने बसतो. नॉट्स लवकरच त्याला विटला आणि बाहुला सुटला. शिकलेलं मात्र वाया गेलं नाही: एकाने आगाऊपणा करायचा आणि दुसऱ्याने शांतपणे सांभाळून घ्यायचं, ही जोडी त्याने आतून पाहिली होती. पुढे त्याने फक्त खुर्ची बदलली. बाहुल्याच्या जागी तो स्वतः बसला.

युद्धानंतर वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातून शिक्षणशास्त्राची पदवी, १९४८. मग न्यूयॉर्क. रेडिओवर काउबॉयांच्या एका मुलांच्या मालिकेत विंडी वेल्स नावाचा थापाड्या म्हातारा केला, विशी-पंचविशीत असताना. १९५३ ते १९५५ 'सर्च फॉर टुमॉरो' या दुपारच्या मालिकेत त्याने मनाने खचलेला, बहिणीशिवाय कुणाशीही न बोलणारा तरुण केला. म्हणजे आधी नुसता आवाज, मग जवळजवळ नुसता चेहरा. दोन्ही वेगवेगळे घोटवून घेतलेला नट फार क्वचित सापडतो.

अँडी ग्रिफिथ त्याला १९५५ मध्ये ब्रॉडवेवर भेटला, 'नो टाइम फॉर सार्जंट्स' या नाटकात. ग्रिफिथ नायक, हा छोट्या भूमिकेत. १९५८ च्या चित्रपटातही दोघं होते. त्यातला हस्तकौशल्याच्या चाचणीचा प्रसंग आजही चालतो: एकात एक अडकवलेल्या कड्या सोडवायच्या असतात, आणि खेडवळ ग्रिफिथ त्या सरळ ताकदीने वाकवून वेगळ्या करतो. समोर परीक्षा घेणारा कॉर्पोरल म्हणजे नॉट्स. गंमत कड्यांमध्ये नाही. नियमावर श्रद्धा असलेल्या माणसाचा नियम डोळ्यांदेखत मोडला आणि त्याला ते लिहून कुठे ठेवायचं हेच कळत नाही, तिथे आहे.

त्याच सुमारास स्टीव्ह ॲलनच्या टीव्ही कार्यक्रमात 'रस्त्यावरच्या माणसाची मुलाखत' हे प्रहसन असायचं. नॉट्स त्यात नर्व्हस माणूस व्हायचा. एकदा त्याचं नाव के. बी. मॉरिसन, आणि काम हातबॉम्बमध्ये पिना बसवायचं. के. बी. म्हणजे काय विचारल्यावर उत्तर 'का-बूम!' पण टिकला तो दुसराच विनोद. ॲलन विचारायचा, तुम्ही घाबरलायत का? प्रश्न संपायच्या आत उत्तर यायचं: नाही! बास. पुढची पन्नास वर्षं त्याने याच एका 'नाही'वर काढली, असं म्हटलं तरी फार चुकणार नाही.

१९६० च्या फेब्रुवारीत डॅनी थॉमसच्या मालिकेत एक भाग आला, त्यात ग्रिफिथ गावचा शेरीफ होता. तो नव्या मालिकेचा नमुना भाग होता. तो पाहून नॉट्सने ग्रिफिथला फोन केला: तुझ्या शेरीफला एक डेप्युटी नको का? मूळ बेत असा होता की विनोद ग्रिफिथने करायचा, गावरान किस्से सांगायचे. नॉट्स आल्यावर ग्रिफिथला काही भागांतच कळलं की खरा हशा इकडे आहे, आणि त्याने स्वतःची भूमिका शांत, सरळ करून टाकली. मालिकेला नाव ग्रिफिथचं. वगनाट्यात सोंगाड्यासमोर राजा लागतो आणि राजाने राजासारखंच राहायचं असतं. राजाच विनोद करायला लागला की वग बसतो. ग्रिफिथने हे पथ्य पाळलं. नॉट्सला बार्नीसाठी पाच एमी (टीव्हीचे पुरस्कार) मिळाले: १९६१, १९६२, १९६३, आणि मालिका सोडल्यावर पाहुणा म्हणून परतलेल्या भागांसाठी १९६६ व १९६७. ग्रिफिथला या मालिकेसाठी एकही नाही. त्या पाचांतला निदान दीड त्याच्या घरी असायला हवा होता.

आता एक प्रसंग जवळून. १९६३ चा भाग. विषय ओपीच्या प्रगतिपुस्तकाचा. त्याला सगळे उत्तम गुण मिळालेत, आणि पुढे कळतं की शिक्षिकेकडून चूक झालीय. त्या गुणांच्या कौतुकात बार्नी फुशारकी मारतो की शाळेत शिकलेलं आपण कधी विसरत नाही, राज्यघटनेची उद्देशिका अजून तोंडपाठ आहे. अँडी पुस्तक हातात घेतो. अमेरिकी उद्देशिका ५२ शब्दांची आणि 'वी द पीपल'ने सुरू होणारी. आपली 'आम्ही, भारताचे लोक' शाळेच्या पुस्तकाच्या पहिल्या पानांवर असते, तीच तऱ्हा. बार्नी छाती काढतो, डोळे लावतो, आणि पहिलाच शब्द येत नाही. अँडी हळूच सांगतो. बार्नी तो असा उच्चारतो की जणू ओठांवरच होता. दुसरा शब्द. तोही अँडीचाच. असं करत, कधी अख्खा शब्द, कधी अर्धा, कधी नुसत्या ओठांची हालचाल, अँडी पूर्ण उद्देशिका त्याच्याकडून म्हणवून घेतो. शेवटी बार्नी समाधानाने मागे रेलतो. एकदा शिकलं ते शिकलं!

इथे तीन गोष्टी बघण्यासारख्या आहेत. नॉट्स एकदाही ओशाळत नाही. ओशाळला असता तर प्रसंग दुसऱ्या ओळीत संपला असता, कारण खोटं पकडलं गेलं की पुढे जायला कारण उरत नाही. दुसरं, तो प्रत्येक शब्दाला वेगळ्या रीतीने अडतो: एकदा आठवतोय म्हणून, एकदा अँडीने मध्ये तोंड घातलं म्हणून चिडून, एकदा नुसताच ओठ हलवत. अडण्याची एकच रीत पाच वेळा केली की सहाव्यांदा प्रेक्षक शब्दाची वाट बघणं सोडून देतो. आणि अँडी घाई करत नाही. त्याच्या नजरेत चिडचिड दिसली असती तर बार्नी केविलवाणा झाला असता.

ही मालिका एका कॅमेऱ्यावर, चित्रपटासारखी शूट व्हायची. समोर प्रेक्षक नसायचे आणि हशा नंतर चिकटवलेला असायचा. म्हणजे पॉझ किती धरायचा याचा अंदाज दोघांनी रिकाम्या सेटवर बांधला. हे एकांकिकेतल्या पोरांना कळायला हवं, कारण भरत नाट्य मंदिरात गणित उलटं होतं. तिथे वरच्या मजल्यावरून 'अरे, आवाज कुणाचा' येतो, हशा आपल्या अंदाजाच्या दुप्पट टिकतो, किंवा येतच नाही. हशावर बोललात तर पुढचं वाक्य जातं. हशा पूर्ण विझेपर्यंत थांबलात तर गती जाते. हशा चढून उतरणीला लागला, अर्ध्यावर आला, की वाक्य उचलायचं. आणि तोपर्यंत गप्प उभं राहायचं नाही, लपवालपवी चालू ठेवायची. पट्टा ओढा, खिसा चाचपा, काहीही.

थरथर कशी करायची? मनगट हलवून करू नये, ते डफली वाजवल्यासारखं दिसतं. कोपर बरगडीला घट्ट दाबायचा, मूठ आवळायची, दंड ताणून धरायचा. दहा-बारा सेकंदांत हात आपोआप खरा कापायला लागतो. हे फार वेळ टिकत नाही, त्यामुळे तयारी आधीच्या वाक्यावर सुरू करायची आणि कापरं हवं त्या वाक्यावर यावं असा हिशोब ठेवायचा. नुसता कापरा हात दहाव्या रांगेच्या मागे दिसत नाही. हातात वस्तू लागते. झेरॉक्सचा एक सुटा ए-फोर कागद उत्तम, कारण तो दिसतोही आणि वाजतोही. पुठ्ठा किंवा वही घेतली की कापरं तिथेच जिरतं. कपबशी त्याहून चांगली, पण कप रिकामा ठेवा. चहा भरला की दोन प्रयोगांत रंगमंच चिकट होतो आणि पुढच्या प्रवेशाला कुणीतरी घसरतं. माइक दूर असेल तर चिनीमातीऐवजी स्टीलची बशी घ्या, खणखण शेवटच्या रांगेत जाते. आणि कापरं सुरू झाल्याबरोबर नटाने ते थांबवायचा प्रयत्न करायला हवा: दुसऱ्या हाताने धरायचं, कागद मागे लपवायचा, बशी टेबलावर ठेवून 'ठेवायचीच होती' असा चेहरा करायचा. नॉट्सचे सगळे हशे या दुसऱ्या हालचालीवर आहेत.

डोळ्यांचं वेगळं. त्याचे ते बटबटीत डोळे कॅमेऱ्याच्या क्लोजअपसाठी आहेत, रंगमंचावर नक्कल करू नका. त्याची मान मात्र उचलण्यासारखी आहे. बारीक अंगाचा माणूस, गणवेश जरा सैल, कॉलरमधून लांब मान बाहेर आणि आवंढा गिळला की कंठमणी वर-खाली होताना दिसतो. शर्टाची कॉलर एक माप मोठी घेतली की निम्मं काम शिंप्याने केलं.

मालिकेतला अजून एक मोठा नट इथे आठवतो, फ्लॉइड न्हाव्याचं काम करणारा हॉवर्ड मॅकनिअर. त्याला मालिका चालू असतानाच पक्षाघात झाला. परतल्यावर त्याला बहुतेक बसवून ठेवत, आणि उभं दाखवायचं असेल तर टेकायला आधार देत. हालचाल गेली, टायमिंग तसंच राहिलं.

बार्नीच्या धावपळीपेक्षा मेबेरीची संथ दृश्यं मला जास्त आवडतात. 'मॅन इन अ हरी' या भागात रविवारी गाडी बिघडल्यामुळे एक शहरी उद्योजक गावात अडकतो. त्याचा जीव टांगणीला, आणि बार्नी ओट्यावर बसून पुढचा बेत सांगतोय: घरी जाईन, जरा डुलकी काढेन, मग थेल्मा लूकडे (ही त्याची प्रेयसी) जाऊन टीव्ही बघेन. थोडा वेळ शांतता. पुन्हा तेच. डुलकी, थेल्मा लू, टीव्ही. तो उठत मात्र नाही. दुपारच्या झोपेचं महत्त्व सदाशिव पेठेला समजावून सांगायला नको, पण एकच वाक्य न बदलता पुन्हा म्हणून हशा वाढवत नेणं किती अवघड आहे, हे करून बघितल्याशिवाय कळत नाही. बहुतेक नट दुसऱ्या वेळी आवाज चढवतात. नॉट्स चढवत नाही. त्याच्या लेखी ते वाक्य प्रत्येक वेळी नवीन आहे.

ग्रिफिथ सुरुवातीपासून म्हणायचा की पाच वर्षांत मालिका थांबवू. ते गृहीत धरून नॉट्सने युनिव्हर्सल स्टुडिओशी चित्रपटांचा करार केला आणि १९६५ मध्ये तो बाहेर पडला. मालिका मात्र १९६८ पर्यंत चालली. नंतरचे भाग रंगीत आहेत आणि बेचव. त्याआधी १९६४ मध्ये 'द इन्क्रेडिबल मिस्टर लिम्पेट'मध्ये तो माणसाचा मासा झाला होता. युनिव्हर्सलच्या चित्रपटांत पहिला, १९६६ चा 'द घोस्ट अँड मिस्टर चिकन', सगळ्यांत बरा: छोट्या गावातल्या वर्तमानपत्राचा टाइपसेटर, वार्ताहर व्हायची हौस, आणि भुताच्या वाड्यात काढायची एक रात्र. पुढचे चित्रपट एकाच साच्यातले. त्यांची अडचण अशी की नॉट्स नायक झाला. नायकाने शेवटी खरोखर शूर निघावं लागतं, म्हणजे उसनं अवसान फेडलं जातं आणि गंमत संपते. शिवाय समोर हात पुढे करणारा अँडी नाही.

१९७९ मध्ये तो 'थ्रीज कंपनी' या विनोदी मालिकेत घरमालकाच्या जागी आला. राल्फ फर्ली: भडक सूट, गळ्यात स्कार्फ, आणि आपण बायकांमध्ये फार लोकप्रिय असल्याची समजूत. पन्नाशी उलटलेली, तरी आव तोच, फक्त रिव्हॉल्व्हरच्या जागी स्कार्फ. ही मालिका प्रेक्षकांसमोर चित्रित व्हायची; १९८४ पर्यंत त्याने ती केली. १९९८ च्या 'प्लेझंटव्हिल'मध्ये टीव्ही दुरुस्त करणारा गूढ म्हातारा म्हणून तो दिसतो आणि चक्क जरासा भीतिदायक वाटतो. २४ फेब्रुवारी २००६ रोजी लॉस एंजेलिसमध्ये त्याचं निधन झालं. मॉर्गनटाउनमध्ये त्याचा पुतळा आहे, गावात बसवलेला २०१६ साली.

उद्देशिकेचा प्रसंग तालमीत करून बघायचा असेल तर तो मराठीत आणताना उद्देशिका किंवा प्रतिज्ञा घेऊ नका. प्रेक्षकांतल्या निम्म्यांना ती खरंच पाठ असते, आणि पुण्यातला प्रेक्षक चूक दुरुस्त केल्याशिवाय राहत नाही; प्रॉम्प्टिंग खालून सुरू होतं आणि अँडीचं काम जातं. मंत्रपुष्पांजली घ्या. गणपतीत दहा दिवस अख्खा वाडा ती म्हणतो. 'यज्ञेन यज्ञमयजन्त' सगळ्यांचं खणखणीत, मधला भाग घशातल्या घशात गुणगुण, आणि शेवटी 'सभासद इति' पुन्हा एकमुखाने. म्हणजे प्रेक्षागृहातला प्रत्येक जण या विषयात बार्नीच आहे. मामाने 'मला पूर्ण पाठ आहे' म्हणून उभं राहायचं, आरतीचं पुस्तक भाच्याच्या हातात. पहिले दोन शब्द मामाला आलेच पाहिजेत, मोठ्याने. तिसऱ्यापासून भाच्याने द्यायचे. मामाच्या हातात फुलं असू द्या, पाच-सहा शेवंतीची. मूठ आवळली की पाकळ्या एकेक करून गळतात आणि दर अडलेल्या शब्दाला जमिनीवर काहीतरी पडतं.  'सभासद इति' मात्र भाच्याने सांगायचं नाही. तिथे त्याने फक्त पुस्तक मिटायचं.